सव्वीस दिवस

माई हे काही तिचं खरं नाव नव्हे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला लागली तेव्हा वयानं सगळ्यांत धाकटी होती, पण पॉलिशच्या मशीनवर कुणी चष्मा न लावता बसलं की अशी काही फैलावर घ्यायची, की आठवडाभरात तिची माई झाली. आता ती चौतीस वर्षांची होती आणि खुद्द मालकही तिला माईच म्हणायचे. मेणात दात बसवायचं काम तिच्याकडे असायचं. समोरच्या दोन दातांमधली फट माणसाच्या जुन्या फोटोवरून जशीच्या तशी उतरवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तिचा नवरा चार वर्षांपासून परदेशात होता. मोठमोठ्या शीतगृहांची यंत्रं दुरुस्त करण्याचं काम तो करायचा. घरी माई आणि सासूबाई दोघीच. सुरुवातीला त्याला बायकोला बोलावून घेता येत नव्हतं. मग त्याचा तिकडे राहण्याचा परवाना पक्का झाला, आठ महिन्यांपूर्वी तो सव्वीस दिवसांच्या रजेवर घरी आला, आणि त्या रजेत दोघांनी शेजारी बसून माईच्या व्हिसाचा अर्ज भरला. फोटो चिकटवले, सह्या केल्या. तिच्या कामाची प्रमाणपत्रं तिकडच्या संस्थेकडून तपासून घ्यायची कल्पनाही त्याचीच. तो परत गेला आणि माई मुलाखतीच्या तारखेची वाट पाहायला लागली.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास तारखेऐवजी व्हिसा कचेरीची ईमेल आली. माईनं ती एका हातानं फोन धरून वाचली, कारण दुसऱ्या हातात गरम सुरी होती. तुम्हाला बोलावून घेणाऱ्या व्यक्तीनं आपली संमती मागे घेतली आहे, त्यामुळे तुमचा अर्ज बंद करण्यात येत आहे, काही म्हणायचं असल्यास तीस दिवसांत कळवावं, अशा अर्थाचा चार ओळींचा मजकूर. तिनं तो दोनदा वाचला. मग फोन पालथा ठेवला आणि खालच्या जबड्याचे राहिलेले सहा दात बसवून टाकले. मेण थंड झालं असतं तर पुन्हा सगळी जुळवाजुळव करावी लागली असती.

कचेरीत कुणीतरी घोळ घातला असणार, असं तिनं मनाशी पक्कं केलं. आडनावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की अर्ज कुठल्या कुठे जातात, हे तिनं ऐकलं होतं. जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन तिनं नवऱ्याला फोन लावला. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. एरवी तो कधी पहिल्या रिंगला उचलायचा नाही.

"मी तुला सांगणारच होतो," तो म्हणाला.

"काय सांगणार होतास?"

"मी इथे कोर्टात अर्ज केलाय. घटस्फोटाचा. तुला कागद येतील."

माईच्या मागून कुणीतरी जिना उतरत होतं, तिनं भिंतीला सरकून त्याला वाट दिली. नवरा बोलत राहिला. दुसरं कुणी नाही, तसलं काही मनात आणू नकोस, असं त्यानं दोन-तीनदा सांगितलं. त्याला आता एकट्याची सवय झाली होती. घरी यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं, आणि ती तिकडे येणार म्हटल्यावर तर त्याला छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायला लागलं होतं. हे सगळं तो इतक्या शांतपणे बोलला, की एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्रेसरबद्दल बोलतोय असं वाटावं. शेवटी म्हणाला, "आईचं तेवढं बघशील ना?"

"हो," माई म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की घटस्फोटाचं ऐकल्यापासून तिच्या तोंडून धड निघालेला शब्द तेवढाच.

संध्याकाळी घरी सासूबाई वाळलेले कपडे घड्या करत बसल्या होत्या. माईनं चपला काढता काढताच त्यांना सगळं सांगितलं. सासूबाईंनी टॉवेलची घडी घातली, मग दुसऱ्या टॉवेलची घातली. काय म्हणतेस, कधी, कसं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यावरून माईला कळायचं ते कळलं.

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"तीन आठवडे झाले," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं, त्याचं डोकं ताळ्यावर येईल. कशाला तुझ्या जिवाला घोर लावायचा."

माईला राग यायला हवा होता. तिनं थोडी वाटही पाहिली रागाची. मग उठून भात लावला.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. ती वेळेवर उठायची, वेळेवर कामावर जायची. फक्त सगळं कापसातून ऐकू यायचं. एकदा तिनं एका आजोबांच्या कवळीत डावीकडची दाढ उजवीकडे बसवली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पॉलिश करणाऱ्यानं ती कवळी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, "माई, या आजोबांना घास तिरका चावायला लावणार वाटतं." सगळे हसले. माईही हसली, आणि दाढ काढून पुन्हा बसवली. त्या हसण्यात आपण नक्की कुठे होतो, हे मात्र तिला नंतर सांगता आलं नसतं.

मग कुरियरनं जाड पाकीट आलं. त्यात परदेशातल्या कोर्टाची नोटीस होती, नवऱ्याचा अर्ज होता आणि 'माझी काही हरकत नाही' असा एक छापील कागद होता. सही करायच्या जागी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, म्हणजे तिला शोधत बसायला नको. माईनं पेनही काढलं होतं. पण नेमका त्याच वेळी तिचा मोठा भाऊ दारात उभा राहिला. सासूबाईंनीच त्याला फोन करून बोलावलं होतं, हे तिला पुढे कळलं. दादानं तिच्या हातातलं पेन काढून आपल्या खिशाला लावलं आणि म्हणाला, "आधी वकिलाला दाखवू. मग काय सह्या करायच्या त्या कर."

वकीलबाईंचं ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर होतं. खालच्या मशीनची घरघर जमिनीतून पायांना लागायची. बाईंना सणसणीत सर्दी झाली होती. त्या रुमालात नाक खुपसून कागद वाचत होत्या आणि मधूनच बोटानं थांबा अशी खूण करत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर तो पिवळ्या चिठ्ठीचा कागद वेगळा काढून उपडा ठेवला.

त्यांनी सगळं अगदी सोप्या भाषेत सांगितलं. माई गप्प बसली तर तिकडचं कोर्ट तिच्या पाठीमागे निकाल देऊन मोकळं होईल. पण तो निकाल इकडे आपोआप लागू होईलच असं नाही. म्हणजे नवरा तिकडे सुटा आणि माई इकडे कागदोपत्री लग्नाची बायको, अशी तिची त्रिशंकू अवस्था व्हायची. तिकडे वकील लावून पूर्ण खटला लढायचा, तर त्या कोर्टाचा अधिकार मान्य केल्यासारखं होणार, आणि मग जो निकाल लागेल तो निमूटपणे स्वीकारावा लागणार. तिसरा मार्ग असा, की त्या कोर्टाला फक्त एवढंच कळवायचं: लग्न इकडचं, संसार इकडचा, हे प्रकरण ऐकण्याचा तुम्हाला अधिकार नाही आणि अर्जातली माहितीही खरी नाही. आणि त्याच वेळी इकडच्या कोर्टात आपण स्वतः जायचं.

"आणि व्हिसा?" दादानं विचारलं.

तो गेला, असं वकीलबाईंनी सरळ सांगितलं. ज्यानं बोलावलं त्यानंच हात काढून घेतल्यावर बायको म्हणून जायचं दार बंद. ती आधीच तिकडे राहत असती तर स्वतःच्या नावावर राहण्याची परवानगी मागता आली असती, काही ठिकाणी ती मिळतेही, पण इकडे बसून ते होण्यातलं नाही. एक मात्र तीस दिवसांच्या आत करायचं. आपण होऊन पत्र पाठवायचं, म्हणजे फाइलवर अर्ज 'नाकारला' असा शेरा न पडता 'मागे घेतला' असा पडेल. पुढे कुठल्याही देशाच्या फॉर्मवर हा प्रश्न येतो आणि त्या एका शब्दावर माणसं अडकतात. कामाच्या प्रमाणपत्रांची तपासणी माईच्या स्वतःच्या नावावर होती, तिला नवऱ्यामुळे धक्का लागत नव्हता.

"तुम्हाला तिकडे जायचं आहे का?" बाईंनी विचारलं. "त्यांना सोडा. तुम्हाला स्वतःला."

माईनं विचार करून पाहिला. आत काही हललं नाही. "माहीत नाही," ती म्हणाली.

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग नवऱ्याच्या अर्जातल्या एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली. पती-पत्नी गेली तीन वर्षं विभक्त राहत असून या काळात त्यांच्यात वैवाहिक संबंध राहिलेले नाहीत, असं तिथे लिहिलं होतं. तिकडच्या कायद्यात एवढं दाखवलं की काम झटपट होतं, असं बाईंनी सांगितलं.

"तीन वर्षं नाही," माई म्हणाली.

"मग किती?"

"आठ महिने. तो सव्वीस दिवस घरी होता."

इतके दिवस कापसातून येणारा आवाज त्या क्षणी तिला स्वच्छ ऐकू आला, आणि तो तिचा स्वतःचाच होता. सव्वीस दिवस. फ्रिजच्या दाराचं रबर त्यानं त्याच दिवसांत बदललं होतं. लॅबमध्ये येऊन त्यानं स्वतःच्या दातांचा साचा काढून घेतला होता, नुसती गंमत म्हणून, आणि साच्याचा मऊ लगदा घशाकडे जाईल या भीतीनं माईचा हात घट्ट धरून ठेवला होता. दोघं जाऊन मोठी बॅग घेऊन आले होते. हे सगळं त्यानं एका ओळीत, एका सहीनं पुसून टाकलं होतं. नको होती ती बायको, ठीक. पण झालेलं झालंच नाही म्हणायचं?

याला पुरावा काय, असं बाईंनी विचारलं. माईनं पिशवीतून व्हिसाच्या अर्जाची प्रत काढली. त्यात नवऱ्याच्या सहीनं लिहिलेलं होतं, की आमचा संसार अखंड चालू आहे, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मी पत्नीसोबत घरी राहिलो. सोबत पाच फोटो आणि विमानाची तिकिटं. वकीलबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि तारखा ताडून पाहिल्या. मग म्हणाल्या, की एकाच माणसानं एकाच देशाच्या दोन कचेऱ्यांना दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. हे तिकडे कळलं तर त्याची नोकरी, परवाना, सगळंच गोत्यात येऊ शकतं.

दादाला तर एवढंच हवं होतं. जिना उतरतानाच त्याचं सुरू झालं. व्हिसावाल्यांना एक पत्र पाठव, की येतो बघ पुढच्या विमानानं, चारी मुंड्या चीत. घरी येऊन त्यानं तेच सासूबाईंच्या समोर पुन्हा सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. मुलाची बाजू घ्यायला त्या तोंड उघडतील असं माईला वाटलं, पण त्या कपबश्या गोळा करत राहिल्या. दादा गेल्यावर त्यांनी भांडी विसळली, हात पुसले आणि खुर्ची ओढून माईच्या समोर बसल्या.

"तो आला होता, हे मी लिहून देते," त्या म्हणाल्या. "आला होता, राहिला होता, या घरात नवरा म्हणून राहिला होता. मी आई आहे त्याची. माझ्याएवढं कुणाला ठाऊक?"

"तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल, आई."

"होऊ दे." मग म्हणाल्या, "तीन आठवडे मी गप्प बसले. ते माझं चुकलं."

परवान्याबद्दल मात्र त्यांनी काही मागितलं नाही. तेवढं करू नकोस, असंही म्हणाल्या नाहीत. ते त्यांनी माईवर सोडलं, आणि माईला ते सगळ्यांत जड गेलं. रडून पदर पसरला असता तर निदान नाही म्हणता आलं असतं.

शुक्रवारी सासूबाईंनी वकीलबाईंच्या टेबलावर प्रतिज्ञापत्रावर सही केली. सही करताना त्या प्रत्येक अक्षराला थांबत होत्या, चूक झाली तर पुन्हा करू देणार नाहीत अशा धास्तीनं. तिकडच्या कोर्टाला हरकतीचं पत्र गेलं, सोबत व्हिसाच्या अर्जाची प्रत आणि सासूबाईंचं प्रतिज्ञापत्र. व्हिसा कचेरीला अर्ज मागे घेत असल्याचं दोन ओळींचं वेगळं पत्र गेलं. त्यात नवऱ्याबद्दल एक अवाक्षर नव्हतं. नक्की ना, असं वकीलबाईंनी तीनदा विचारलं होतं आणि माईनं तिन्ही वेळा नक्की म्हणून सांगितलं होतं. त्यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. त्याला परत आणून ती काय करणार होती? तो आणि ती एका घरात, मधे सासूबाई, ही कल्पनाच तिला सोसवेना.

दहाव्या दिवशी त्याचा फोन आला. या वेळी आवाजात शांतपणा नव्हता.

"तू व्हिसावाल्यांना कळवणार आहेस का?"

"नाही."

"मग ते कागद कशाला जोडलेस?"

"तू तारीख खोटी लिहिलीस म्हणून."

"अगं, वकील म्हणाला तसं लिहावं लागतं. ते नुसतं कागदावरचं असतं."

"मग कागदावर खरं लिही," माई म्हणाली. "मला तुझ्याशी भांडायचं नाहीये. इकडे ये, नाहीतर तिथून हजर राहा. घटस्फोट मी देते. पण तू इथे सव्वीस दिवस होतास, हे तुझ्या तोंडून सांगायचं."

पलीकडे यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग तो म्हणाला, "आईनं सही का केली?"

"आईंना विचार."

त्यानं विचारलं नाही. पण तिकडचा अर्ज मागे घेतला. वेगळं राहून वर्ष भरल्यावर इकडच्या कोर्टात दोघांच्या संमतीचा अर्ज दाखल झाला. समुपदेशन, मग थांबायची मुदत, मग पुन्हा तारीख, असं करत करत आणखी एक वर्ष सरत आलं. माई प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची आणि दुपारी कामावर हजर व्हायची. मालक काही विचारायचे नाहीत. फक्त त्या दिवशी तिच्या टेबलावर अवघड काम ठेवायचे नाहीत.

शेवटच्या तारखेला तो पडद्यावर दिसला. कोर्टाच्या खोलीत भिंतीवर पडदा होता, त्यावर तो एका खुर्चीत बसला होता, अंगात शीतगृहाचं जाड जाकीट. जाड झाला होता. न्यायाधीशांनी माईला विचारलं, कुणाचा दबाव आहे का. ती नाही म्हणाली. मग त्यांनी त्याला विचारलं, केव्हापासून वेगळे राहता.

त्यानं तारीख सांगितली. तो परत निघाला त्या दिवसाची. मग न विचारताच पुढे म्हणाला, "त्याआधी मी सव्वीस दिवस घरी होतो. पत्नीसोबत."

माईला वाटलं होतं, हे ऐकल्यावर काहीतरी होईल. पायांना पंख्याचा गार वारा लागत होता, एवढंच तिला जाणवलं. शिरस्तेदारानं कागद पुढे केला, तिनं सही केली. पडद्यावरचा माणूस अजून बसलाच होता, जायचं की नाही ते कळत नसल्यासारखा. मग कुणीतरी बटण दाबलं.

घर सासूबाईंच्या नावावर होतं. तू इथेच राहा, असं त्या म्हणाल्या, आणि त्यात जराही खोट नव्हती. पण माईनं लॅबपासून दोन गल्ल्या पलीकडे एक खोली पाहिली होती. सासूबाईंनी तिला सामान बांधायला मदत केली, चांगली दोन पातेली काढून दिली आणि दारात उभं राहून टेम्पो वळेपर्यंत पाहत राहिल्या. मुलगा आता त्यांना पंधरा दिवसांतून एकदा फोन करायचा. हवामानाबद्दल बोलायचा.

तिसऱ्या रविवारी सकाळी सासूबाई बसनं माईच्या खोलीवर आल्या. जिना चढून धाप लागली होती. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, "खिडकी चांगली आहे." माईनं चहा ठेवला. त्यांनी चहा घेतला तो फक्त उजव्या बाजूनं.

"खालची कवळी लागतेय का?"

"थोडी. होईल बरी आपोआप."

"कवळी कधी आपोआप बरी होते का, आई? काढा बघू."

सासूबाईंनी तोंड फिरवून कवळी काढली आणि बशीत ठेवली. माईनं ती धुतली, खिडकीत नेऊन उजेडात धरली. आतल्या कडेला, डाव्या बाजूला एक उंचवटा होता, तांदळाच्या दाण्याहून बारीक. तिनं पिशवीतून कानस काढली आणि हलक्या हातानं घासायला लागली. घासता घासता तिनं सांगितलं, की तिनं अर्ज केलाय. दुसऱ्या एका देशात, कवळ्यांच्याच लॅबमध्ये, स्वतःच्या नावावर. फॉर्मवर मागचा अर्ज मागे घेतल्याचं खरं तेच लिहिलं. होईल किंवा होणारही नाही, सहा-सात महिने तरी कळायचं नाही.

सासूबाई काहीतरी म्हणाल्या. दात नसल्यामुळे शब्द ओठांतच विरघळले. माईनं मान वर करून पाहिलं.

"काय म्हणालात?"

सासूबाईंनी हातानंच, काही नाही, अशी खूण केली. त्यांचे गाल आत गेले होते आणि त्या एकदम फार म्हाताऱ्या दिसत होत्या. माई पाहत राहिली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या आत काहीतरी हललं. तिनं ते तसंच राहू दिलं, कवळी पुन्हा धुतली आणि त्यांच्या हातात दिली.

"लावून बघा. अजून टोचत असेल तर सांगा, लगेच घासते."

सासूबाईंनी कवळी बसवली, जबडा दोनदा मिटून पाहिला.

"लांब आहे का तो देश?"

"लांबच आहे, आई."

त्यांनी मान हलवली आणि राहिलेला चहा दोन्ही बाजूंनी प्यायल्या.